भांडणाची अट

सभागृहाच्या दारावर कागद लागला सोमवारी, आणि बुधवारपर्यंत अख्खी वस्ती भांडायला माणूस शोधत हिंडू लागली.

कागदावर लिहिलं होतं, की 'शांतता आणि सहजीवन' या विषयावर वस्तीतल्या लोकांचं कलाप्रदर्शन भरणार आहे. कुणीही भाग घ्यावा, अट एकच. कलाकृती दोघांनी मिळून केलेली हवी, आणि ते दोघे असे हवेत की ज्यांचं एकमेकांशी पटत नाही. ही अट शाळेतून निवृत्त झालेल्या मुख्याध्यापिकाबाईंच्या डोक्यातून निघाली होती. बाईंनी आयुष्यभर भांडणाऱ्या पोरांना एका बाकावर बसवलं होतं. आता तोच प्रयोग मोठ्या माणसांवर करून बघायची त्यांना हौस आली होती. कुणी उगाच घुसू नये म्हणून त्यांनी मुलाखतसुद्धा ठेवली.

सासू-सुनांना मुलाखत माफ होती. बाकीच्यांची मात्र पंचाईत झाली. दातांचे डॉक्टर आणि त्यांच्या दवाखान्याखालचा मिठाईवाला यांचं तर एकमेकांवाचून पान हलत नव्हतं. तरी दोघे सभागृहाच्या पायरीवर बसून, एकाच पुडीतले शेंगदाणे खात, आपलं नेमकं कशावरून बिनसलंय याचा विचार करत होते.

पण सगळ्यांत मोठी पंचाईत झाली ती पेंटरची.

पेंटर म्हणजे दुकानांच्या पाट्या रंगवणारा. एकतीस वर्षं तो हेच करत आला होता. चपला इथे दुरुस्त होतील, चष्मे तासाभरात मिळतील, दुपारी एक ते चार बंद, हे सगळं त्याच्या हातचं. त्याचं अक्षर इतकं देखणं होतं की बंद दुकानासमोरही माणूस घटकाभर उभा राहायचा. पण पेंटरला एक गोष्ट आतून खात होती. आपण जन्मभर दुसऱ्यांचे शब्द लिहिले, आपलं असं एक चित्र काही काढलं नाही. एकच चित्र, ज्यात एकही अक्षर नसेल. ते भिंतीवर लागावं आणि लोकांनी ते दुकान किती वाजता उघडतं हे कळायला नव्हे, तर नुसतंच बघायला थांबावं. हे त्याने बायकोला इतक्या वेळा ऐकवलं होतं की त्याने उसासा टाकला की पुढचं तीच म्हणून टाकायची.

"नुसते उसासे काय टाकता? प्रदर्शन भरतंय, द्या की चित्र," ती म्हणाली.

"भांडण कुठून आणू?"

"माझ्याशी आहे की रोजचं."

"तुझ्याशी आहे, पण तुला फळी कापता येत नाही."

फळी कापता येत होती ती सुताराला, आणि तोच खरा घोटाळा होता. सुताराचं दुकान पेंटरच्या दुकानाला लागून. दोघांत मिळून एक नळ, एक शिडी आणि चहाची एक किटली. सुताराने फळ्या जोडून पाटी तयार करायची, पेंटरने ती रंगवायची, असं एकतीस वर्षं चाललेलं. सुताराची बायको गेल्यापासून दुपारचा त्याचा डबाही पेंटरच्या घरूनच यायचा. भांडण म्हणावं असं काही कधी घडलंच नव्हतं. एकदा सुताराने चुकून पेंटरच्या चांगल्या ब्रशने लाकूड चिकटवायचा सरस ढवळला, तेव्हा पेंटर अर्धा दिवस तोंड फुगवून बसला होता. पण त्या दिवशी त्याची दाढही दुखत होती, त्यामुळे ते भांडणात धरता येईना.

"खोटं भांडू," पेंटर म्हणाला. "बाईंसमोर दहा मिनिटं. एवढंही जमायचं नाही का आपल्याला?"

"मला नाही जमणार. मला हसू येतं," सुतार म्हणाला. तो मुळात कमी बोलणारा. कानावर पेन्सिल, ओठांत खिळे, अशा माणसाने बोलायचं तरी कसं?

"हसू आलं की खोकायचं. मी म्हणतो, तू मुद्दाम माझ्या ओल्या पाटीवर भुसा उडवतोस. तू म्हण, मी तुझी शिडी नेतो आणि परत देत नाही."

"शिडी तुझी आहे."

"हे बाईंना कुठे ठाऊक आहे?"

दोन दिवस दोघांनी तालीम केली. तालमीत सुतार दर वेळी शिडीपाशी आला की फिस्सकन हसायचा, आणि पेंटर कपाळावर हात मारून घ्यायचा.

मुलाखतीच्या दिवशी बाई टेबलामागे बसल्या होत्या. समोर वही, नाकावर चष्मा, आणि चष्म्यावरून बघणारी ती नजर, जिच्यापुढे अजूनही वस्तीतली निम्मी माणसं हात मागे बांधून उभी राहायची. पेंटर तर रंगातच आला. भुशाबद्दल तो असा काही बोलला की त्याला स्वतःलाच सुताराचा राग यायला लागला.

"आणि तुमचं काय म्हणणं?" बाईंनी सुताराला विचारलं.

पेंटरने त्याला कोपराने ढोसलं. "शिडी," तो ओठांतल्या ओठांत पुटपुटला.

सुतार खोकलाही नाही आणि हसलाही नाही. त्याने कानावरची पेन्सिल काढून हातात घेतली आणि तिच्याकडे बघत बोलायला लागला.

"पाटी झाली की हा खाली उजव्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत लिहितो, 'पेंटर', आणि पुढे दुकानाचा पत्ता. प्रत्येक पाटीवर लिहितो. ती फळी मी आणतो, मी कापतो, मी जोडतो. वाकू नये म्हणून मागून पट्ट्या मी मारतो. याचा ब्रश कुठे अडखळू नये म्हणून दोन-दोनदा रंधा फिरवतो. एकतीस वर्षं झाली. एकाही पाटीवर फळी कुणाची ते याने लिहिलं नाही."

"तुम्ही कधी सांगितलंत का यांना?"

"सांगून लिहिलेलं काय करायचंय?"

बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि वहीत मोठ्ठी बरोबरची खूण केली.

बाहेर आल्या आल्या पेंटरने सुताराच्या पाठीत जोरदार थाप मारली. "काय नट आहेस रे तू! शिडी सोडून भलतंच कुठून काढलंस? अरे, मला खरोखर घाम फुटला!"

"मला काम आहे," सुतार म्हणाला आणि निघून गेला.

पेंटर शीळ घालत दुकानात आला. दुपारी बायको डबा घेऊन आली, तरी त्याचं हसू ओसरलं नव्हतं. शेजारी हाक मारली तर सुताराच्या दुकानातून नुसता करवतीचा आवाज आला.

"भावजी जेवायला नाही आले?"

पेंटरने तिला मुलाखतीची सगळी हकीकत हातवारे करून सांगितली. ती मात्र हसली नाही.

"तुम्ही खरंच कधी त्यांचं नाव लिहिलं नाहीत?"

"पाटीवर सुताराचं नाव कोण लिहितं?"

"आणि पेंटरचं कोण लिहितं?"

पेंटरच्या हातातला घास हातातच राहिला. त्या संध्याकाळी घरी जाताना त्याला आयुष्यात पहिल्यांदा आपल्याच अक्षरांची लाज वाटली. जिकडे बघावं तिकडे उजव्या कोपऱ्यात तोच. चांभाराच्या दुकानावर तोच, चष्मेवाल्याकडे तोच. वर बघायला नको म्हणून त्याने मान खाली घातली, तर शिंप्याने आपली जुनी पाटी पायरीला फळी म्हणून ठोकलेली, आणि तिच्यावरही तोच.

दुसऱ्या दिवशी तो सुताराच्या दारात जाऊन उभा राहिला. "चुकलं माझं. आजपासून प्रत्येक पाटीवर तुझं नाव आधी. जुन्या पाट्यांवरसुद्धा शिडी लावून लिहून येतो, म्हणशील तर."

"नको," सुतार मान वर न करता म्हणाला. "आता लिहिलंस तर ते मी मागून घेतलेलं होईल."

कुणी शिवी दिली असती तर दुप्पट देता आली असती. पण हा माणूस शांतपणे लाकडावर रेघ ओढत होता आणि ते पेंटरला सोसवत नव्हतं.

तरी सुतार शब्दाला पक्का. तीन दिवसांनी सकाळी पेंटर दुकान उघडायला आला, तर दाराला चार फूट बाय तीन फुटांची फळी टेकवून ठेवलेली. हात फिरवला तर सांधा कुठे आहे ते बोटांना कळेना. फळी आली, पण फळीबरोबर सुतार आला नव्हता. तो आपल्या दुकानात पाठ करून बसला होता. आणि खरं सांगायचं तर, प्रदर्शनाच्या अटीत आता कुठे हे दोघे बरोबर बसत होते.

पेंटरने काढायचं काय, याचे बेत गेली कित्येक वर्षं केले होते. डोंगर, तळं, उडणारे पक्षी, सगळं डोक्यात तयार होतं. पण कुंचला हातात घेतल्यावर यातलं काहीच उतरेना. उतरला तो सुतार. दुपारी जेवण झाल्यावर लाकडाच्या ढिगाला टेकून झोपलेला, कानावर पेन्सिल, मिशीत भुसा आणि तोंड सताड उघडं. नऊ दिवस पेंटर दार लावून खपला. चित्र पुरं झालं तेव्हा त्याने बायकोला दाखवलं. ती प्रत्येक गोष्टीवर बोलणारी बाई, चित्रासमोर उभी राहिली आणि कितीतरी वेळ काहीच बोलली नाही.

"तोंड जरा जास्त उघडलंय," शेवटी ती म्हणाली आणि पदराने डोळे टिपले.

पेंटरला कळलं, की आपल्याला जन्मात एकदा जमायचं होतं ते हेच.

उद्घाटनाच्या दिवशी सकाळी तो चित्र चादरीत गुंडाळून सभागृहात घेऊन गेला. तिथे धमाल चालली होती. एका सासू-सुनेने मिळून विणलेली गोधडी मधोमध दोन रंगांची निघाली होती, आणि कुठला रंग वर यावा यावरून दोघींत पुन्हा जुंपली होती. डॉक्टर आणि मिठाईवाल्याने साखरेचा एक भलामोठा दात केला होता, त्याला मुंग्या लागल्या होत्या. पेंटरच्या जागेवर भिंतीत खिळा मारून तयार होता, आणि खिळ्याखाली बाईंनी छापून घेतलेलं कार्ड चिकटवलेलं होतं. 'चित्र: पेंटर', आणि खाली बारीक अक्षरांत, 'साहाय्य: सुतार'.

पेंटरने ते कार्ड दोनदा वाचलं. म्हणजे हे चित्र इथे लागणार, लोक थांबणार, माना डोलावणार, आणि सुतार पुन्हा एकदा खालीच राहणार, तोही बारीक अक्षरांत. त्याने बाईंना गाठलं, पण कार्डं प्रेसमधून आली होती आणि प्रेस आज बंद होती. मग त्याने कार्ड ओरबाडून खिशात घातलं, इकडे तिकडे बघितलं आणि चित्र खिळ्यावर उलटं अडकवलं. चित्र भिंतीकडे आणि सुताराचं काम लोकांकडे.

जन्मभराची एक इच्छा आपल्याच हाताने भिंतीकडे वळवायला पेंटरला काय वाटलं, ते विचारू नका. तो तिथून सरळ नळावर गेला आणि बराच वेळ तोंड धूत राहिला.

परत आला तर बाई फळीसमोर हरखून उभ्या. "तोंड फिरवलेलं चित्र! अबोला! वा! हे तुम्हाला सुचलं कसं?"

"सुचलं आपलं," पेंटर म्हणाला.

पाहुणे यायला वीस मिनिटं होती, तेवढ्यात पेंटरची बायको सुताराला घेऊन आली. "भावजी, तुम्ही आला नाहीत तर उद्यापासून मी डबा करायचीच बंद होईन," असं तिने बजावलं होतं. आता डबा तो खात नव्हता ही गोष्ट निराळी, पण वहिनीला नाही म्हणायची त्याची छाती नव्हती. इस्त्रीचा शर्ट, खांद्यावर कामाचा फडका तेवढा सवयीने राहून गेलेला. तो दारातून आत आला, समोर भिंतीकडे बघितलं आणि जागच्या जागी थबकला.

पेंटर त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिला. आता हा माझ्याकडे बघेल. आता हा हसेल.

"गाढवा!" सुतार ओरडला. अख्खं सभागृह वळून बघायला लागलं. "कुणी सांगितलं होतं तुला मागची बाजू लावायला? त्या बाजूला मी रंधा मारलेला नाही!"

खरंच की! पाटीची मागची बाजू भिंतीकडे जाते, म्हणून कुठलाच सुतार तिला रंधा मारत नाही. करवतीचे चरे, सरसाचे ओघळ, भुसा भरून बुजवलेली गाठ, चुकलेल्या मापांच्या खोडलेल्या रेघा, सगळं चव्हाट्यावर आलेलं. एकतीस वर्षं जोडीने काम करून हे पेंटरला ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तरी त्याच्या लक्षात राहिलं नसतं, कारण तो नेहमी पुढूनच बघत आला होता.

"कुणी आलं म्हणून मोरी आणून दिवाणखान्यात ठेवतं का?" सुताराचा आवाज चढला. गेल्या पंधरवड्याचं सगळं साठलेलं बाहेर पडत होतं. "चित्र काढलंच नाहीस ना? माझ्यावर रुसलास ना? म्हणून माझी अब्रू टांगलीस भिंतीवर!"

पेंटर तोंड उघडणार, इतक्यात त्याला खिशातलं कार्ड टोचलं. चित्र काढलंय म्हणावं, तर हा म्हणणार, फळी सरळ कर. फळी सरळ झाली, की बाई नवं कार्ड लिहिणार, आणि त्यावर पुन्हा तेच.

"नाही काढलं," तो म्हणाला.

"खाली काढून ठेव ती. आलोच मी." सुतार धावत दुकानाकडे गेला आणि रंधा घेऊन परत आला. तोवर पेंटरने फळी उतरवली होती आणि चित्राची बाजू खाली करून फरशीवर ठेवली होती. फरशी खरबरीत होती. चित्राखाली काहीतरी मऊ घालावं असं त्याच्या मनात आलं, पण घातलं असतं तर सुतार म्हणाला असता, का?

बायकोने ते बघितलं. ती पुढे सरसावली. पेंटरने डोळे वटारले. इतक्या वर्षांच्या संसारात त्याचे डोळे वटारलेले पाहून ती गप्प राहिली, असं पहिल्यांदाच घडलं.

"धर," सुतार म्हणाला.

पंधरा दिवसांतला पहिला सरळ शब्द. पेंटरने गुडघे टेकले आणि फळी दोन्ही हातांनी घट्ट धरली. रंधा फिरला. लाकडाच्या लांब, कुरळ्या पट्ट्या उडाल्या. प्रत्येक हाताबरोबर फळी फरशीवर थोडी सरकत होती, आणि खालून येणारा बारीक खर्र खर्र आवाज सभागृहात फक्त दोघांना ऐकू येत होता, पेंटरला आणि त्याच्या बायकोला. रंग तीन दिवसांचा होता, अजून पुरता सुकलेला नव्हता. पेंटरने मात्र फळी आणखी दाबून धरली.

एवढ्यात प्रमुख पाहुणे आले. दोन घामेजलेली माणसं जमिनीवर, सगळीकडे भुसा, आणि भोवती श्वास रोखून उभी असलेली वस्ती. पाहुण्यांनी एक कुरळी पट्टी उचलली, उजेडात धरली आणि विचारलं, "यातून यांना काय सुचवायचंय?"

"एकमेकांचं खडबडीतपण घासून काढणं," बाई क्षणाचाही विलंब न लावता म्हणाल्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मिठाईवाल्याने डॉक्टरांच्या कानात म्हटलं, "आपण उगाच दात केला."

टाळ्यांच्या गडबडीत सुतार थांबला. खाली वाकला. फळीच्या कडेपाशी, फरशीवर, तपकिरी रंगाचा एक ओला फराटा उमटला होता. त्याने त्याला बोट लावलं, बोट नाकाशी नेलं.

"खाली काय आहे?"

"काही नाही. तू चालव."

सुताराने रंधा बाजूला ठेवला, पेंटरचे हात दूर केले आणि फळी उचलून उभी केली. चित्रातला सुतार गाढ झोपला होता. त्याची अर्धी मिशी गेली होती, एक कान गेला होता, पेन्सिल कुठे हवेत अडकल्यासारखी राहिली होती.

"हा मी?"

"हो."

"तोंड उघडं आहे."

"झोपतोस तेव्हा असतं."

सुतार आणखीनच जोरात ओरडला. "चित्र खाली आहे हे सांगता येत नव्हतं तुला? माझी अर्धी मिशी गेली की रे मूर्खा! तुझं एवढं चित्र... सांगायचं नाही?"

"तू सांगितलंस?" पेंटर म्हणाला. "एकतीस वर्षं?"

सुताराने खांद्यावरचा फडका काढला, झटकला, फरशीवर चारी बाजूंनी नीट पसरला आणि चित्र हलक्या हाताने त्यावर पालथं ठेवलं.

"धर," तो म्हणाला. "डावीकडचा कोपरा राहिलाय."